पालथ्याचा ठसा

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आत्यानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. पोलिसांनी जबाब लिहून घेतलाय. पप्पांवर कुणी हल्ला केला त्यांची नावं त्यात आहेत, आणि ती नावं खरी आहेत. त्यात हे दुसरं काही घुसलं तर केस बिघडेल आणि वर लोक आपल्याला वेड्यात काढतील, असं आत्या म्हणाली. मी हो म्हणाले. तशीही मी कुणाशी फार बोलत नाही.

पण लिहिणं म्हणजे काही सांगणं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातलीय. तरी "मी" असं लिहिलं की हात अडतो. म्हणून इथून पुढं "सायली" असं लिहिते. सायली दहावीत आहे, दोन वेण्या घालून वर लाल रिबिनी बांधते, चित्र बरं काढते. ती दुसरीच कुणी मुलगी आहे असं समजा.

१

वर्षाराणी ही सायलीची आत्या, पप्पांची धाकटी बहीण. पुण्याला एम.ए. करते, विषय कलेचा इतिहास. "काय शिकती गं तुझी आत्या?" असं कुणी विचारलं की सायली "इतिहास" एवढंच सांगून मोकळी व्हायची. खरं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. आत्याचा प्रबंध मारामारीवर होता. दगडात कोरलेल्या मारामारीवर.

तिच्या लॅपटॉपमध्ये देशोदेशीचे फोटो होते. इराकमधल्या जुन्या राजवाड्याच्या भिंती, त्यांवर सुळावर चढवलेली माणसं, आणि शेजारी मुंडक्यांचा ढीग मोजून लिहून घेणारे कारकून. कंबोडियातल्या देवळात हत्तीच्या पायाखाली आलेले शिपाई. मेक्सिकोतला एक चौथरा, त्यावर ओळीनं कवट्या. आणि त्यांच्या शेजारी आपल्याकडचे वीरगळ, देवळाबाहेर ऊन खात पडलेले, कुणी कपडे धुवायला घेतलेले, कुणी पायरीला लावलेले.

"फरक बघ," आत्या सांगायची. "तिकडं जिंकणाऱ्यानं कोरून घेतलंय. आपल्याकडं जो मेला त्याचा दगड. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत तो कसा मेला ते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला काखेत हात घालून वर नेतात. वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपुढं बसलेला. झालं, सुटला."

"आणि मारणारे कुठं जातात?"

आत्या हसली. "ते खालीच राहतात. कायम काठ्या उगारून."

डिसेंबरात ती महिन्यासाठी घरी आली आणि रोज सकाळी सायलीला स्कूटीवर मागं बसवून गावं पालथी घालायला लागली. कधी पालीच्या धरणाकडं, कधी गोदावरीच्या अंगाला. काम ठरलेलं असायचं. दगड धुवायचा. जाड कागद भिजवून त्यावर पसरायचा. मग राठ केसांच्या ब्रशनं ठोकायचं, थप, थप, थप, कागद खाचाखाचांत शिरेपर्यंत. अर्धवट वाळला की शाईचा बोळा हलक्या हातानं दाबत न्यायचा. उंच असेल ते काळं होतं, खोल असेल ते पांढरं राहतं. कागद सोलून काढला की दगडाएवढाच दगड हातात येतो, फक्त वजन नसतं. याला ठसा म्हणतात. ठसा कधी सुरू केला, कधी संपला, हे आत्या वहीत मिनिटासकट लिहायची. आणि ठशाच्या आधी सायलीनं दगडावरची माणसं मोजून त्यांचं चित्र काढायचं, असा तिचा नियम होता. "मोजलं नाही तर बघितलंच नाही," ती म्हणायची.

आबांना, म्हणजे सायलीच्या आजोबांना, या सगळ्याचं हसू यायचं. "सतरा वर्सं शिकली नि आता दगडाला आंघोळ घालती," आबा चारचौघांत सांगायचे. पण एका दगडापाशी ते हसत नसत. तो त्यांच्या स्वतःच्या मळ्यात होता, घरापासून हाकेच्या अंतरावर, बांधावरच्या लिंबाखाली. पुरुषभर लांबीचा, तोंड जमिनीकडं करून पडलेला. त्याला सगळे पालथा म्हणायचे. दर अमावास्येला आबा त्याच्या पाठीला शेंदूर लावायचे. इतक्या वर्षांचा शेंदूर पाठीवर साचून बोटभर जाड झाला होता.

"याचं तोंड कुणी बघितलंय का, आबा?" आत्यानं विचारलं.

"कावून बघायचं?" आबांनी शेंदराचं बोट दगडावर ओढलं. "त्याचं तोंड खाली हाय म्हणून आपली वर हायत."

"म्हणजे?"

"म्हंजे काय न्हाई. माझा बाप असंच म्हणायचा. तू तुझी धरणाकडली दगडं बघ."

२

आबा चार दिवसांसाठी आष्टीला सत्यभामाआजीकडं, त्यांच्या बहिणीकडं गेले, आणि दुसऱ्याच दिवशी आत्यानं पप्पांना गाठलं. पप्पांकडं जेसीबी होता. पप्पा म्हणजे मोठा आवाज, मोठं पोट, आणि बहिणीनं काही मागितलं की नाही म्हणता न येणारा माणूस.

"ए वर्षे, तुझ्या डिग्रीसाठी आता देव पालथे घालू का?"

"पालथाच आहे दादा. उताणा घाल."

पप्पा एवढे हसले की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या.

त्या दिवसांत पप्पांचं बंकटशी वाकडं आलं होतं. बंकटचे वाळूचे टिपर नदीतून निघून यांच्या बांधावरून रस्ता काढायचे. पप्पांनी जेसीबीनं रस्त्याला आडवा चर खणून ठेवला. दगड उलटायला निघाले तेव्हाच बंकटचा फोन आला आणि पप्पांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "प्रविण, चर बुजव. न्हाईतर त्यात तुलाच बुजवतो बे." पप्पा म्हणाले, "ये की. चहा पिऊन बुजव." आणि फोन खिशात टाकून त्यांनी जेसीबीचा दात दगडाखाली घातला.

दगड सहज उलटला, कुणी कूस बदलावी तसा.

खाली एकही मूळ नव्हतं, मुंगी नव्हती, गांडूळ नव्हतं. माती सारवल्यासारखी गुळगुळीत होती. आणि दगडाचं तोंड कालच छिन्नी थांबल्यासारखं कोरं करकरीत. आत्या गुडघ्यांवर बसली आणि वाकून बघायला लागली. वरची चौकट मोकळी होती. मधलीही मोकळी, नुसती घासून ठेवलेली. अप्सरा नाहीत, पिंडी नाही. जे काही होतं ते खालच्या चौकटीत होतं.

सायलीनं वही उघडली आणि मोजलं. सहा माणसं, काठ्या उगारलेली. त्यांच्या मधोमध एक जाडसा माणूस, डावा हात वर केलेला. आणि उजव्या कोपऱ्यात अगदी लहान आकृती, आपल्याकडं पाठ करून बसलेली, तिच्यापुढं एक पाटीसारखं काहीतरी आणि हात उचललेला. एकूण आठ.

"हा कोरणारा आहे!" आत्या ओरडली. "सायले, यानं स्वतःला आत कोरलंय! आपल्याकडं असं कुठंच नाही."

"मधला माझ्यावाणीच दिसतोय की," पप्पा वाकून म्हणाले. "पोट बघा."

सगळे हसले. सायलीही हसली. मग चित्र काढताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती तिनं वहीच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवली. आजवर बघितलेल्या प्रत्येक दगडावर घाव बसलेला होता. कुणाचं डोकं खाली पडलेलं, कुणाच्या पोटात भाला. इथं एकही काठी अजून कुणाला लागली नव्हती.

३

पहिला ठसा आत्यानं स्वतः घेतला. सकाळचं तिरपं ऊन होतं, वारा नव्हता. कागद छान बसला. पण ठोकायला लागली तसा सायलीचा हात वहीवरच थांबला. दगडावर ठोकल्याचा आवाज तिला पाठ झाला होता, कोरडा आणि वर येणारा. हा आवाज आत जात होता. भरलेल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा.

"पोकळ असेल आतून," आत्या म्हणाली.

मधल्या माणसाच्या डोक्यापाशी ब्रश अडकला आणि कागद फाटला. बोराएवढं भोक, बरोबर डाव्या कानावर. आत्या चरफडली, तरी ठसा पुरा करून तिनं तो दोरीवर वाळत घातला.

बारा वाजता पप्पा चराकडून आले ते डोक्याला टॉवेल दाबून. टॉवेल मूळचा पांढरा होता. बंकटच्या माणसांनी टिपरवरून दगड मारले होते. टॉवेल काढला तेव्हा सायलीनं बघितलं, डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग नव्हता. तिथून रक्त मानेवर, मानेवरून बनियनमध्ये असं धारेनं चाललं होतं आणि पप्पा म्हणत होते, "काय न्हाई गं, मोबाईल उजव्या कानाला लावतो मी."

आई रडत होती. आत्या कापूस शोधत होती. सायली ओसरीच्या खांबाला टेकून दोरीवरच्या कागदाकडं बघत होती. भोकातून मागचं आभाळ दिसत होतं.

दगड मारणारे पंधरा जण होते, पप्पा एकटे. कुठंतरी लागणारच. कान काय, डोळाही गेला असता. सायलीनं असा विचार केला आणि तो बरोबरच होता.

४

फाटका ठसा विद्यापीठात चालत नाही. दुसऱ्या दिवशी पप्पा कानाला पट्टी बांधून गेवराईला टायर बदलायला गेले आणि आत्यानं पुन्हा कागद भिजवला. नियमाप्रमाणं सायलीनं आधी चित्र काढलं. सहा, एक, एक. आठ.

पण डावीकडून दुसऱ्या माणसाची काठी खाली आली होती.

सायलीनं कालचं पान उलटून बघितलं. काल काठी त्याच्या डोक्याच्या वर होती. आज मधल्या माणसाच्या वर केलेल्या हाताला टेकायला बोटभर अंतर राहिलं होतं. तिनं डोळे मिटले, उघडले. काल आपण घाईनं काढलं असेल. काल ऊन जरा वर होतं, सावली वेगळी पडली असेल. आणि कोपऱ्यातल्या आकृतीच्या पाठीवर काल नुसते केस दिसले होते. आज त्यांच्या दोन वेण्या झाल्या होत्या. हे मात्र तिनं चित्रात काढलं नाही.

"आत्या, काठी..."

"उन्हाचा खेळ असतो गं तो. म्हणून तर ठसा घ्यायचा. ठसा खोटं बोलत नाही." आत्याचं मनगट कालपासून दुखत होतं. तिनं ब्रश सायलीच्या हातात दिला. "आज तू ठोक. कागद फाडू नको म्हणजे झालं."

सायलीनं जपून ठोकलं. पोत्याचा तोच आवाज. डाव्या हाताच्या कोपरापाशी खाच खोल होती, कागद बसेना, म्हणून तिनं तिथं जरा जोर लावला. थप. थप. तिसऱ्या वेळी कागदाखाली कट् असं काहीतरी वाजलं. वाळकी काटकी मोडावी तसं. कागद फाटला नाही, पण कोपराशी आत खचला.

आत्यानं वहीत वेळ लिहिली, नऊ चाळीस ते दहा पाच. शाईचा बोळा बाजूला ठेवतीय तोवर आईचा फोन आला.

टायरच्या दुकानात चार जण लोखंडी पाइप घेऊन आले होते. पप्पा डोकं वाचवायला डावा हात वर करून उभे राहिले. हात कोपरातून असा मोडला की हाड बाहेर आलं. दुकानदारानं पोलिसांना सांगितलेली वेळ नंतर कागदावर आली: नऊ वाजून पन्नास मिनिटं.

दोन्ही ठसे शेजारी शेजारी वाळत होते. आत्यानं पट्टी घेऊन काठीपासून हातापर्यंतचं अंतर मोजलं. पहिल्या कागदावर तेरा सेंटिमीटर. दुसऱ्यावर एकही नाही.

"पहिला कागद वाळताना आकसला असेल," ती म्हणाली. आकसला तर अंतर कमी व्हायला हवं, वाढायला नको. सायलीला हे कळलं आणि आत्यालाही कळलं.

५

आबा आष्टीहून परतले. एसटीतून उतरून थेट लिंबाखाली गेले. सायलीला वाटलं आता ओरडतील. ते नुसते पिशवी खाली ठेवून उभे राहिले. मग चप्पल काढली, मातीत बसले आणि दगडाकडं न बघता म्हणाले, "पालथा घाला."

कोण घालणार? जेसीबी चालवणारा बीडच्या दवाखान्यात होता. गावात दुसरा जेसीबी बंकटचा. आईचा भाऊ रामहरीमामा आठ गडी आणि पहारी घेऊन आला. दोन पहारी वाकल्या, दोर तुटून एकाच्या तोंडावर बसला आणि त्याचे पुढचे दोन दात मातीत पडले. दगड तसूभर हलला नाही.

"परवा तर लेकरावाणी उलटला म्हणता," रामहरीमामा धापा टाकत म्हणाला. मग गडी निघून गेले.

शेवटी आबांनी तेलात शेंदूर कालवला आणि सगळ्या कोरीव कामावर जाड लिंपला. काही दिसेनासं झालं तेव्हा ते घरी आले. सकाळी तो सगळा थर दगडावरून निसटून खाली पडलेला होता, अखंड, बकरं सोलल्यावर कातडं पडावं तसा.

त्या दिवशी आत्या घरात शिरली ती दोरीकडंच. "नकोच मला हे. खड्ड्यात गेली डिग्री." तिनं दुसरा ठसा ओढला, दोन्ही हातांत धरला आणि फाडायला हात ताणले.

"आत्या, फाडू नको!"

सायली आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ओरडली नव्हती. आत्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग पहिल्या कागदावरच्या त्या भोकाकडं. मग तिनं हातातला कागद, तान्हं लेकरू ठेवावं तसा, हळू गादीवर ठेवला.

तेव्हापासून दोघींना दुसरं काम उरलं नाही. ठसे सपाट राहायला हवेत. ओले होता कामा नयेत. उंदीर, वाळवी, वारा, कुणाचा पाय, काही लागता कामा नये. आत्यानं दोन प्लायवुडच्या फळ्या आणल्या, मध्ये ठसे ठेवले आणि फळ्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत ठेवल्या. खोलीला कुलूप. आईला वाटलं, पोरगी अभ्यासाचं जपतीय.

एकदा दुपारी आई गोठ्यात होती, आबा लिंबाखाली, आत्या आणि सायली ओसरीत शेंगा फोडत होत्या. कुलूपबंद खोलीतून आवाज आला. थप. थप. थप. आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मांजर असेल," ती म्हणाली.

कुलूप काढून बघितलं. मांजर नव्हतं. ठसे जागेवर होते. ब्रश मात्र ओला होता.

६

पप्पांना शुक्रवारी घरी सोडणार होते. आत्या त्यांना आणायला रामहरीमामाची जीप घेऊन बीडला गेली. खोलीची किल्ली तिनं सायलीच्या गळ्यात बांधली होती. सायली ती घेऊन शाळेत गेली, गणिताचा पेपर होता. शेवटच्या तासाला तिच्या मनात आलं, किल्ली माझ्याकडं आहे, पण कोयंडा जुना आहे.

घरी आली तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. कोयंडा उचकटलेला. पेटीत फळ्या होत्या. मधे काही नव्हतं.

"आबा कुठंयत?"

"गंगेवर गेलेत," आई म्हणाली. नदीला इथं सगळे गंगाच म्हणतात. "देवाची चित्रं अशी पेटीत कोंडून ठिवत न्हाईत म्हणाले. सोडून येतो."

आबांचं काही चुकलं नव्हतं. देवाची तसबीर फुटली, चित्र फाटलं, तर ते जाळत नाहीत की उकिरड्यावर टाकत नाहीत. हळदकुंकू वाहून पाण्यात सोडतात. लहानपणापासून त्यांनी हेच केलं होतं. सायली दप्तर टाकून पळत सुटली. काटे लागले, वाळूत पाय रुतले, एक रिबीन कुठंतरी पडली. आबा पाण्याच्या कडेला उकिडवे बसले होते. पुढं लाल फडकं, त्यावर एक कागद. एकच. हळदकुंकू वाहिलेला आणि व्यवस्थित चार घड्या घातलेला.

"दुसरा?"

"सोडला." आबा पाण्याकडं बघत होते. पाण्यावर थोडी शाई पसरलेली दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. "काय झालं गं? अशी कावून पळत आलीस?"

सायलीनं घडी उलगडली. पहिली आडवी घडी मधल्या माणसाच्या कमरेवरून गेली होती. आबांनी ती नखानं दाबून पक्की केली होती.

हायवेवर, गेवराईच्या अलीकडं, वाळूचा भरलेला टिपर उलट्या बाजूनं येऊन जीपला धडकला. धडकला, मागं सरकला आणि पुन्हा धडकला. हे बघणारे तिघं आहेत आणि तिघांनी जबाब दिलेत. जीप मधोमध दुमडली होती. पप्पांना गॅस कटरनं पत्रा कापून काढावं लागलं आणि कापणाऱ्यानं मध्येच काम सोडून रस्त्याच्या कडेला जाऊन उलटी केली. पप्पा जागे होते. ते विचारत होते, "माझे पाय तिकडं कावून दिसतायत?" रामहरीमामा जागेवरच गेला. आत्याच्या फक्त तळहातांना खरचटलं.

टिपर बंकटचा होता. बंकट आत आहे. हे सगळं खरं आहे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. काढलं तरी पुन्हा भरतंय. कुठून येतंय कळत नाही.

७

आज धडकेनंतरचा नववा दिवस. पप्पा मशीनवर आहेत. आई तिकडं आहे, आबा बोलत नाहीत. घडी पडलेला ठसा आत्यानं फळीवर टाचण्यांनी सपाट करून ठेवलाय, पण वळ काही जात नाही.

काल संध्याकाळी आत्या सायलीजवळ येऊन बसली. तिच्या तळहातांवरच्या खपल्या काळ्या झाल्या होत्या, शाईसारख्या.

"मी विचार केलाय," ती म्हणाली. "नवा ठसा घेऊ. कोरा कागद, घडी नाही, भोक नाही. अगदी हळू ठोकू. तो नीट निघाला तर दादा पण..."

"आत्या, ठोकायचं नाही. कितीही हळू."

"मग काय करायचं? बसून बघायचं?" आत्याचा आवाज फाटला. "जगभरच्या मारामाऱ्या बघितल्या मी सायले. कुठल्याच दगडात मधल्या माणसाला कुणी सोडवत नाही. मी सोडवणार."

सायलीनं मान हलवली. आत्यानं उठून तिची वही फेकली आणि मग वाकून तिला घट्ट धरलं. शेवटी आत्यानं कबूल केलं, नाही घेणार. ब्रश आणि बोळा तिनं स्वतः चुलीत घातले. राठ केस जळल्याचा वास सगळ्या घरात भरला होता.

आज सकाळी सायली एकटीच लिंबाखाली गेली. ऊन तिरपं होतं. आता ती सावलीला दोष देऊ शकत नव्हती, कारण तिनं दगडाला हात लावून बघितला. सहाही काठ्या खाली आल्या होत्या. मधला माणूस आडवा पडला होता, आणि तो कुठं दुमडला होता ते तिनं हातानं तपासलं नाही. मधल्या चौकटीत, जी कालपर्यंत मोकळी होती, दोन पंजे उमटले होते. नुसते पंजे, बोटं पुढं काढलेले. कुणाला तरी काखेत धरून उचलायला.

मग तिनं नियमाप्रमाणं मोजलं. सहा आणि एक. सात.

पुन्हा मोजलं. सात.

ती घरात आली, दार लावलं आणि हे लिहायला बसली. दुपारचे साडेबारा झालेत. गोठ्यात म्हैस ओरडतेय. आणि आत्ताच शेतातून आवाज यायला लागलाय. थप. थप. हळू नाही. जोरात, भराभर, एकाच जागी.

आत्यानं शब्द मोडला. दुसरा ब्रश कुठून आणला तिनं? पळत जाऊन तिचा हात धरायला हवा. सायलीचे पाय हलत नाहीत. माझे पाय हलत नाहीत. पप्पांची छाती आता कशी असेल, मला तो आवाज कागदातून नाही, त्यांच्या

"सायली! दार उघड गं! दवाखान्यातून फोन आलाय!"

आत्या आहे. आत्या इथं आहे, दारात. मी फटीतून बघितलं, तिच्या हातात मोबाईल आहे आणि ती रडतेय. हात कोरडे आहेत. आणि शेतातला आवाज थांबलेला नाही. येते म्हणाले मी तिला, येते, एवढं एकच लिहून. सकाळी मोजताना आठवं कोण कमी आहे ते मी लिहिलं नाही. कोपऱ्यातली पाटी तिथंच होती, पण तिच्यासमोर जिथं ती दोन वेण्यांची पोरगी बसलेली असायची ती जागा रिकामी होती, आणि मातीत लहान पावलं होती, दगडाकडून आमच्या घराकडं आलेली नाहीत, तर उलट, आमच्या घराकडून दगडाकडं गेलेली, मी तिथं पोचायच्या आधीच उमटलेली, माझ्याच चपलेच्या मापाची आणि